महासंगणकांची क्रमवारी कोण लावतं?

प्रश्न : अमुक महासंगणक जगात पहिला, पुण्याचा 'परम सिद्धी' ६३वा, अशा बातम्या येतात. हे ठरवतं कोण, आणि कशावरून? – एक वाचक, सांगली

उत्तर : 'टॉप ५००' ही यादी १९९३पासून दरवर्षी जून आणि नोव्हेंबरमध्ये निघते. तिच्यामागची परीक्षा मात्र त्याहून जुनी. ती रुजवणारे जॅक डोंगारा यंत्रं बांधणारे नव्हेत, गणिताची सॉफ्टवेअर लिहिणारे.

शिकागोच्या या मुलाला खरं तर शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. कॉलेजात असताना तो एका सत्रापुरता आर्गॉन प्रयोगशाळेत गेला आणि संगणकात अडकला तो कायमचाच. तिथे त्याने सहकाऱ्यांबरोबर 'लिनपॅक' लिहिलं. एकरेषीय समीकरणं सोडवणारं हे सॉफ्टवेअर. हवामान असो की विमानाचा पंख, बहुतेक मोठी आकडेमोड शेवटी अशा समीकरणांपाशी येऊन ठेपते. लिनपॅकच्या १९७९च्या माहितीपुस्तिकेला डोंगारांनी एक परिशिष्ट जोडलं : १०० अज्ञातांची १०० समीकरणं सोडवायला २३ संगणकांना किती वेळ लागला, त्याचा तक्ता. एकूण सुमारे ६ लाख ८७ हजार क्रिया. त्यांना वेळेने भागलं की वेग. आपल्याला किती वेळ थांबावं लागेल याचा अंदाज वापरणाऱ्याला यावा, एवढाच हेतू. तक्ता वाढत गेला आणि जर्मनीतल्या हान्स मॉयर व एरिक स्ट्रोमायर यांच्या साथीने त्याची 'टॉप ५००' झाली. देशोदेशींची चुरस एका परिशिष्टातून सुरू व्हावी, ही गंमतच!

आता यंत्राच्या स्मृतीत मावेल तेवढं मोठं गणित घालतात. २०२२मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या 'फ्रंटियर'ने सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या क्रियांचा टप्पा ओलांडला. डोंगारांची कर्मभूमीही हीच.

पण ही परीक्षा यंत्राला फार सोयीची आहे. तिच्यात आकडे गच्च भरलेले असतात. प्रत्यक्षातल्या कामात बरेचसे आकडे शून्य असतात आणि स्मृतीतून माहिती आणण्यातच वेळ जातो. म्हणून डोंगारांनीच पुढे मायकेल हेरू यांच्यासह 'एचपीसीजी' ही दुसरी परीक्षा आणली. तिच्यात फ्रंटियरचा वेग लिनपॅकच्या जेमतेम एक टक्का भरतो. डोंगारांना २०२१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तोही क्रमवारीसाठी नाही. चार दशकं वेगवान होत गेलेल्या यंत्रांना पुरी पडेल अशी गणिती सॉफ्टवेअर घडवल्याबद्दल.

तेव्हा पुढची यादी आली की पहिला क्रमांक जरूर वाचा, पण एचपीसीजीचा आकडाही शोधा.