अंगणातील नळाची धार बारीक झाल्यास : कुटुंबांसाठी पाणी व आरोग्यविषयक माहिती

उन्हाळ्यात रायपूरचा पारा ४४ अंशांकडे सरकू लागला की घरोघरी कूलरच्या टाक्या भरण्याची घाई सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत अंगणातील नळाची धार करंगळीएवढी बारीक होते. ही तक्रार प्लंबरकडे जाते. दवाखान्यात ती कोणी सांगत नाही. तरीही आरोग्यपत्रकात तिला स्थान दिले आहे, कारण नळातील दाब ही केवळ सोयीची बाब नव्हे. जलवाहिनी दाबाखाली भरलेली असते तोवर तिच्या प्रत्येक फटीतून पाणी बाहेर गळते. दाब नाहीसा झाला की त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत शिरते.

धार बारीक झाल्यावर सर्वप्रथम आपल्या अंगणातील नळ कोणते पाणी घेतो, हे निश्चित करावे. अनेक घरांत स्वयंपाकघर व न्हाणीघर यांना गच्चीवरील टाकीचे पाणी मिळते, तर अंगणातील नळ महानगरपालिकेच्या वाहिनीवर थेट जोडलेला असतो. गच्चीच्या टाकीची चावी बंद करूनही अंगणातील नळ पुरवठ्याच्या वेळी वाहत राहिला, तर तो थेट वाहिनीवर आहे असे समजावे.

नळ गच्चीच्या टाकीवर असेल तर तर्क सोपा आहे. टाकीपासून नळ जितका खाली, तितका दाब अधिक. दर १० मीटर उंचीला सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढा. म्हणजे वरच्या मजल्यावरील नळापेक्षा अंगणातील नळ जोरात वाहिला पाहिजे. तो त्याहून मंद असेल तर दोष टाकीत नसून त्या नळाच्या स्वतंत्र फाट्यात आहे : अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह, तोटीत फुगलेला वॉशर, तोंडावरील जाळीत अडकलेली वाळू, किंवा जुन्या लोखंडी पाईपाच्या आत साचलेला गंज. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतरच धार मंदावली असेल, तर पाईपात हवा अडकली असण्याचा संभव अधिक. त्या फाट्यावरील सर्व नळ काही मिनिटे उघडे ठेवल्यास ती बहुधा निघून जाते. लांब रबरी नळीमुळेही धार मंदावते, म्हणून तपासणी नळी काढूनच करावी.

नळ थेट वाहिनीवर असेल तर आधी जमिनीखालच्या हौदाकडे पाहावे. हौदाचे तोंड नळापेक्षा बरेच खाली असल्याने येणारे पाणी प्रथम तोच पितो, आणि अंगणातील नळाला उरलेसुरले मिळते. हौदाचा व्हॉल्व्ह पाच मिनिटे बंद करून धार पुन्हा पाहावी. ती सुधारली तर बिघाड काहीच नाही. दोन्हींच्या भरण्याच्या वेळा वेगळ्या कराव्यात. सुधारली नाही, तर शेजारच्या दोन घरांत विचारावे. त्यांच्याकडेही हीच स्थिती असल्यास कारण रस्त्यातील वाहिनीत आहे. केवळ आपल्याकडेच असल्यास मीटरजवळची गाळणी, रस्त्यातील वाहिनीला आपली नळजोडणी जेथे जोडली आहे ते ठिकाण, आणि त्या दोहोंमधील पाईप तपासून घ्यावा. घरातील सर्व नळ बंद असताना मीटरचा काटा फिरत असेल, तर मीटरच्या पुढे घराच्या बाजूला कोठेतरी गळती आहे. मीटरच्या अलीकडची, रस्त्याच्या बाजूची गळती मात्र त्यात दिसत नाही. ती जमिनीवरच्या सततच्या ओलीवरून ओळखावी लागते.

तक्रार करताना मोजमाप हाती असावे. १५ लिटरची बादली भरण्यास किती सेकंद लागतात ते चार-पाच दिवस, पुरवठ्याच्या एकाच वेळी, लिहून ठेवावे. केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एकमजली घरांच्या वस्तीसाठी वाहिनीतील किमान दाब ७ मीटर व दुमजली घरांसाठी १२ मीटर सांगितला होता. ‘पाणी कमी येते’ या वाक्यापेक्षा ‘सोमवारी ९० सेकंद, गुरुवारी २०० सेकंद’ ही नोंद अभियंत्याला अधिक उपयोगी पडते.

जे करू नये

वाहिनीला थेट टुल्लू पंप जोडणे हा सर्वांत प्रचलित आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत घातक उपाय आहे. पंप पाणी निर्माण करीत नाही, तो वाहिनीतून ओढतो. वाहिनीत पुरेसे पाणी नसताना ओढल्यास आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही खाली जातो, आणि सैल सांध्यांतून भोवतालचा चिखल व सांडपाणी आत खेचले जाते. ते पाणी ज्याने पंप लावला त्याच्याच घरी जाते असे नाही. त्याच वाहिनीवरील, पंप नसलेल्या शेजाऱ्याच्या माठातही जाते. पंप वापरायचाच असेल तर वाहिनीचे पाणी स्वाभाविक दाबाने हौदात पडू द्यावे आणि पंप हौदावर बसवावा.

दुसरी सवय अधिक निरुपद्रवी भासते. कूलर भरताना नळीचे टोक टाकीत बुडवून ठेवले जाते आणि माणूस दुसऱ्या कामाला लागतो. तेवढ्यात पुरवठा बंद झाला, की रिकाम्या होत चाललेल्या वाहिनीत कूलरमधील शेवाळलेले पाणी उलट ओढले जाऊ शकते. गाड्या धुण्याची बादली, गुरांचे टाके, अंगणातील मोरी, सर्वांना हाच नियम लागू आहे. नळीचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर, नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर धरावे. अंगणातील नळावर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवून घेणे उत्तम. मात्र तो असला तरी टोक बुडवू नये.

रायपूरचा अनुभव

रायपूर शहराला मुख्यत्वे खारून नदीचे शुद्ध केलेले पाणी मिळते. परंतु शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आणि आपल्या तोटीतून पडणारे पाणी यांच्यामध्ये बरेच अंतर असते. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या काळात, या शहरात काविळीची साथ पसरली. दुसऱ्या वेळी रुग्णसंख्या शेकड्यांत होती. गटारातून, म्हणजे येथे जिला नाली म्हणतात तिच्यातून, गेलेल्या घरगुती नळजोडण्यांकडे तेव्हा बोट दाखविले गेले. दिवसातून ठरावीक तासच पाणी येणाऱ्या शहरात अशा जोडणीचा धोका दररोज उद्भवतो, कारण पुरवठा थांबला की पाईप रिकामा होतो आणि भोवती गटाराचे पाणी तसेच असते. आपला पाईप घराबाहेर कोठून जातो, हे आज पाच मिनिटे काढून पाहावे. तो गटारातून जात असल्यास प्रथम तो हलवावा; धारेचा विचार नंतर.

पुरवठा सुरू होताच येणारे पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते झाडांना घालावे. पाणी गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त येतच राहिले तर ते खळखळून किमान एक मिनिट उकळावे व झाकून ठेवावे. तळाशी पोहोचलेल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे आरोग्य कर्मचारी साध्या रंगचाचणीने जागेवर पाहू शकतात. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. धार मंद म्हणून पाणी पिंपांत साठविणे भाग पडते, हे मान्य आहे. मात्र पिंपे झाकावीत आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.

काविळीच्या ‘ई’ प्रकाराची लक्षणे दूषित पाणी पोटात गेल्यावर २ ते १० आठवड्यांनी दिसतात. म्हणून रुग्ण आढळतो तेव्हा घरातील पाणी स्वच्छही असू शकते. भूक मंदावणे, मळमळ, ताप, गडद पिवळी लघवी, डोळ्यांत पिवळेपणा असे काही दिसल्यास रक्ततपासणी करावी. गळ्यात काविळीची माळ घालून ती लांबत जाण्याची वाट पाहू नये. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, परंतु गर्भवती स्त्रीच्या शेवटच्या तीन महिन्यांत हाच आजार प्राणघातक ठरू शकतो. तिला लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. कोणतेही वेदनाशामक औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

दवाखान्यात नाव नोंदविताना गेल्या दोन महिन्यांत आपल्या नळाची धार केव्हा मंदावली, पाण्याला वास केव्हा आला, हेही सांगावे. एकाच गल्लीतील दोन-तीन रुग्णांची माहिती जुळली, की फुटलेली जोडणी कोठे शोधायची ते महानगरपालिकेला कळते.