सही करण्याआधी जॉब कार्ड वाच

अगं बाय, तुझा मेसेज वाचला. गाडीला अजून दीड वर्ष झालं नाही, हप्ते निम्मेही फिटलेले नाहीत, आणि तांदुळवाडीचा घाट चढताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गाडी झटके देते. वर्कशॉपवाले म्हणतात, ‘मॅडम, गाडी ओके आहे, तुम्ही गिअर उशिरा बदलता.’ हे वाक्य मला पाठ आहे. लग्नाआधी बोईसरला एका शोरूमच्या सर्व्हिस काउंटरला मी नोकरी केली, हे तुला माहीतच आहे. त्या काउंटरच्या आतल्या बाजूने काय चालतं ते आज सांगते. गुपित मुळीच नाही, मैत्रिणींनाही खुशाल सांग.

सगळा खेळ जॉब कार्डाचा. तू उभ्या उभ्या पाच मिनिटं पोटतिडकीने बोलतेस, समोरचा मान डोलावतो आणि कॉम्प्युटरवर लिहितो ‘जनरल चेकअप’. तू सही करून निघून येतेस. उद्या कंपनीकडे किंवा ग्राहक आयोगात गेलीस, तर तिथे तुझी पाच मिनिटं कुणी ऐकलेली नसतात, तिथे ‘जनरल चेकअप’ एवढंच पोचतं. म्हणून ग्राहकाच्या तक्रारीचा जो रकाना असतो त्यात तुझेच शब्द लिहून घे, छापील प्रत वाच, मग सही कर. तो म्हणेल, सिस्टिममध्ये एवढं बसत नाही. मग पेनाने लिही, त्याचा फोटो काढ.

लिहायचं काय, हेही नीट ऐक. ‘इंजेक्टर खराब आहे’ असं कधीही लिहू नकोस, मग तुला ते यूट्यूबवर कितीही पटलेलं असो. ते इंजेक्टर तपासतील, तो ठीक निघेल, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत देतील. आपण लक्षण सांगायचं, निदान त्यांनी करायचं. गाडी गार असताना की तापल्यावर? कितव्या गिअरला, कुठल्या वेगाला? एसी चालू होता का? किती माणसं बसली होती? मीटरवर किती किलोमीटर होते? तुझ्या गाडीचा त्रास चढाला, भरल्या गाडीत होतो. शोरूमच्या आवारात दोन चकरा मारून तो दिसणार कसा? मेकॅनिकला शेजारी बसव आणि सफाळ्याहून वरईच्या रस्त्याला घाटात घेऊन जा. वेळ नाही म्हणाले, तर जॉब कार्डावर तसं लिहा म्हणावं. एवढं म्हटलं की बहुतेकांना वेळ सापडतो.

दिवा लागला की मोबाईलवर व्हिडिओ घे, मीटर दिसेल असा. चालवताना नव्हे, शेजारी कुणी असेल तर त्याला घ्यायला सांग. दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर हळूहळू वर्कशॉप गाठता येतं. तोच लुकलुकत असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा वर गेला, तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद कर आणि गाडी उचलून नेणारी सेवा बोलाव. लाल दिव्यावर चालवलेल्या इंजिनाचा क्लेम कंपनी हसत हसत नाकारते. आणि गावातल्या कुणी हौशीने ‘बॅटरीची तार काढून परत लाव, दिवा जातो’ असा सल्ला दिला तर ऐकू नकोस. दिवा जातो हे खरं, पण संगणकात साठलेला दोषाचा कोडही पुसला जातो. पुरावा आपल्याच हाताने कशाला घालवायचा? वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला की आलेल्या कोडचा फोटो मागून घे. लाजू नकोस, गाडी तुझी आहे.

आता ते तुला टाळतात का, तेही समजून घे, म्हणजे उगाच त्या काउंटरवरच्या पोरावर चिडणार नाहीस. वॉरंटीतलं काम डीलर तुझ्यासाठी फुकट करतो, पण त्याचे पैसे त्याला कंपनीकडून मागून घ्यावे लागतात. त्यासाठी फोटो, कोड, व्हिडिओ, काढलेला जुना पार्ट असं सगळं जोडून क्लेम टाकावा लागतो. मजुरीचा दर सहसा कमी मिळतो, आणि कंपनीने क्लेम नाकारला तर भुर्दंड डीलरच्या बोकांडी. इंजिन खोलायचं तर आधी कंपनीची मंजुरी लागते. म्हणून ‘थोडे दिवस चालवून बघा’ हे त्यांचं आवडतं औषध. वॉरंटी संपायला आली की हे औषध जास्तच मिळतं. तू एवढंच विचार : क्लेम टाकला का, कोणत्या तारखेला, त्याचा नंबर काय? काम झाल्यावर शून्य रुपयांचं असलं तरी बिल घे. कोणता पार्ट बदलला ते त्यावरच असतं. आणि कंपनीचा फीडबॅकचा फोन येतो ना, ‘दहापैकी दहा द्या मॅडम’ म्हणून काउंटरवरची मुलं गळ घालतात, त्या गुणांवर त्यांचे इन्सेंटिव्ह अडकलेले असतात. गाडी बरी झाल्याशिवाय ते दहा देऊ नकोस.

‘या मॉडेलला असंच असतं’ हे दुसरं औषध. यावर उतारा सोपा आहे. शोरूममध्ये त्याच मॉडेलची टेस्ट ड्राइव्हची गाडी उभी असते. ‘चला, तिच्यात बसून बघू’ म्हण. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच माणसाने चालवायच्या. फरक जाणवला तर तो कार्डावर लिहून घ्यायचा.

‘मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो’ असंही ऐकशील. गाडी तुझ्या नावावर, हप्ता तुझ्या पगारातून, नि समजावणार त्यांना! तिथे भांडत बसू नकोस. गोड आवाजात म्हण, मलाच लिहून द्या, मी वाचून समजून घेईन.

तक्रारीआधी आपली बाजूही साफ हवी. सर्व्हिस वेळेवर, बिलं एका फाइलीत. अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाच्या थीटा-२ नावाच्या इंजिनांचं मोठं प्रकरण झालं. कारखान्यातच क्रँकशाफ्टच्या ऑइलच्या वाटांमध्ये धातूचा कीस राहिला, बेअरिंगला ऑइल पोचेना आणि चालत्या गाड्यांची इंजिनं धरायला लागली. ह्युंदाईचा पहिला रिकॉल २०१५ मध्ये निघाला. रिकॉलला उशीर केल्याबद्दल २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून तिथल्या सरकारशी २१ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. एवढा उघड दोष असूनही, ऑइल बदलल्याच्या पावत्या नसलेल्या मालकांचे क्लेम अडवले गेले. यावरून फाइलीची किंमत समज.

तुझ्या गाडीचं रोजचं आयुष्यही इंजिनाला तसं जाचकच आहे. माकुणसारहून स्टेशनपर्यंत पाच-दहा मिनिटं, मग दिवसभर उन्हात उभी, संध्याकाळी परत तेवढंच. इंजिन नीट तापतच नाही, ऑइलात पेट्रोल आणि ओल साचत जाते. मॅन्युअलच्या मागच्या पानांत ‘खडतर वापर’ असा भाग बहुधा असतो. छोट्या फेऱ्या, धूळ, खारी हवा हे सगळं त्यात बसतं, आणि तिथे ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. दादाच्या डिझेल गाडीला तर हे जास्तच लागू. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो जाळून साफ व्हायला गाडी काही वेळ एका वेगाने तापून पळावी लागते. केळवे-सफाळ्याच्या गल्लीबोळांत ते कुठून व्हायचं? आठवड्यातून एकदा त्याला मनोरकडे हायवेला सोड. नाही तर फिल्टर चोंदतो, आणि तो ‘वापराचा दोष’ म्हणून कंपनी हात वर करते.

वॉरंटीत काय येत नाही ते पुस्तिकेच्या बारीक अक्षरांत असतं, आणि त्यातलं निम्मं आपल्याच भागासाठी लिहिलंय की काय असं वाटतं. समुद्राच्या खाऱ्या हवेने आलेला गंज बहुधा नाही. हवेतल्या रसायनांनी रंगावर पडलेले डाग नाहीत, म्हणजे तारापूर एमआयडीसीत गाडी लावणाऱ्यांनी समजून घ्यावं. वाडीतल्या घुशी-उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नाहीत. बाहेरून बसवलेल्या दिव्यांसाठी, स्पीकरसाठी वायर कापली तर त्या वायरिंगचा प्रश्नच मिटला. आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर चावी पुन्हा फिरवायची नाही, अजिबात नाही. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. तो खर्च वॉरंटीत नाही. साध्या विम्यातही बहुधा नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कलम घ्यावं लागतं. नूतनीकरणाच्या वेळी आठवणीने बघ.

बाहेरच्या गॅरेजला हात लावला की वॉरंटी गेली, असं सांगतात. ते तितकं सरळ नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला, तेव्हाच सांगितलं की अशी सरसकट अट घालता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्या त्याविरुद्ध वर गेल्या आणि वाद वर्षानुवर्षं चालला. त्यामुळे माझं मत व्यवहारी आहे : वॉरंटी असेपर्यंत इंजिनाला अधिकृत वर्कशॉपबाहेर कुणाचा हात लागू देऊ नकोस. पंक्चर, वॉशिंग कुठेही कर.

रिकॉलही बघ. कंपनीच्या संकेतस्थळावर चासिस नंबर टाकला की कळतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला परत बोलावल्या होत्या. एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकारही रिकॉलचा आदेश देऊ शकतं. तुझ्या मॉडेलच्या दुसऱ्या मालकांनाही हाच त्रास असेल तर सगळ्यांनी परिवहन खात्याकडे नोंदवा. एकट्या तक्रारीपेक्षा शंभरांची वेगळी वाचली जाते.

काउंटरवर काम होत नसेल तर वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचा विभागीय सर्व्हिस मॅनेजर, आणि प्रत्येक पायरीला ईमेल. फोन झाला तरी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ एवढं दोन ओळींत पाठवून दे. तरीही ढिम्म, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदव. मुंबई ग्राहक पंचायतही १९७५ पासून हेच काम करते आहे, त्यांचा सल्ला घे. त्याच्या पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची किंमत पन्नास लाखांच्या आत असेल तर तिथेच जायचं. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला शुल्क दोनशे रुपये, वीस लाखांपर्यंत चारशे. वकील सक्तीचा नाही, ई-जागृतीवरून घरबसल्या दाखल करता येतं. २०१९ च्या कायद्याने तू जिथे राहतेस तिथल्या आयोगात दावा करता येतो, कंपनीच्या गावी जायला नको. मुदत दोन वर्षांची.

पण आयोगातून नवी कोरी गाडीच घेऊन येऊ, या भ्रमात राहू नकोस. मारुतीच्या एका क्लचच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं की वॉरंटीत पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं वचन आहे, अख्खी गाडी बदलून द्यायचं नाही. मूळचा उत्पादनदोष आहे असं म्हणायचं तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोगाकडे तपासणीची मागणी करता येते, ती कर. आणि प्रतिवादी म्हणून डीलर व कंपनी दोघांनाही घाल. गोव्यात एका ग्राहकाने २०११ ची गाडी म्हणून पैसे मोजले आणि २००९ ची निघाली. खालच्या तीनही पायऱ्यांवर दोघांना जबाबदार धरलं होतं, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण तो उद्योग डीलरचा होता आणि कंपनीला त्याची माहिती असल्याचा पुरावा नव्हता. कोणाचा दोष कोणावर येईल हे आधी कळत नाही, म्हणून दोघेही हवेत.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. कंपनीने इंजिनच बदलून दिलं, किंवा नंबर कोरलेला ब्लॉक बदलला, तर इंजिन नंबर बदलतो. तो आरसी बुकात आरटीओकडून चढवून घ्यावा लागतो, विम्याच्या कागदावरही. डीलरकडून तसं पत्र आणि बिल मागून घे. नाही तर पुढे गाडी विकताना किंवा अपघाताच्या दाव्यात अडकशील.

आता जाशील ती शनिवारी जाऊ नकोस, तेव्हा वर्कशॉपला जत्रा असते. मंगळवारी-बुधवारी सकाळची पहिली वेळ घे, रात्रभर गाडी त्यांच्याकडे ठेव म्हणजे गार इंजिन त्यांनाच सुरू करावं लागेल. आणि जॉब कार्डावर सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव.