नरसाळी जाळे विणणारा कोळी : ओळख व वर्गीकरण

दहिवर पडलेल्या सकाळी बांधावरील गवतात व पिकाच्या बुडाशी पांढऱ्या चादरीसारखी जाळी पसरलेली दिसतात. ती पाहून पिकावर ‘कोळी पडला’ असा समज होतो व औषध फवारले जाते. नावाच्या सारखेपणामुळे हा घोटाळा होतो. पिकावरील लाल कोळी ही सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची कीड आहे. ती पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषते व पानावर फिकट ठिपके पडतात. जमिनीलगत चादर विणणारा कोळी मात्र कीटकांवर जगतो. तो पिकाचे पान खात नाही किंवा रसही शोषीत नाही. त्याच्यासाठी औषध फवारणे म्हणजे पैसा खर्चून शेतातील मदतनीस मारणे होय. म्हणून हा कोळी नेमका ओळखता येणे जरूर आहे.

वर्गीकरणातील स्थान

हा कोळी लायकोसिडी, म्हणजे लांडगा-कोळ्यांच्या कुलातील होय. या कुलातील बहुतेक कोळी जाळे न विणता जमिनीवर धावून भक्ष्य पकडतात. हिपासा ही प्रजाति याला अपवाद आहे. फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजेन सिमाँ यांनी १८८५ साली ती स्थापन केली. अगेलेनिडी नावाच्या निराळ्या कुलातील कोळीही असेच जाळे विणतात. हिपासामधील एका जातीस ‘अगेलेनॉइडीस’, म्हणजे अगेलेनासारखा, असे नाव मिळाले, यावरून हे साम्य ध्यानात येईल. सारांश, केवळ जाळ्यावरून निर्णय करू नये.

ओळखण्याच्या खुणा

(१) जाळे : चादर चिकट नसते. तिच्या एका बाजूस नरसाळ्यासारखी नळी असून ती गवताच्या मुळाशी किंवा जमिनीच्या भेगेत जाते. कोळी नळीच्या तोंडाशी बसतो व चादर हालताच धावून येतो.

(२) डोळे : ही मुख्य खूण होय. भिंगातून समोरून पाहावे. खालच्या ओळीत चार लहान, त्यांच्यावर दोन मोठे व त्यांच्या मागे डोक्यावर दोन मध्यम डोळे असल्यास तो लांडगा-कोळी समजावा. अगेलेनिडी कुलात आठ डोळे चार-चारांच्या दोन ओळींत असून आकाराने जवळजवळ सारखे असतात.

(३) सूत काढणारे अवयव : पोटाच्या टोकाशी असलेल्या या अवयवांची मागील जोडी हिपासामध्ये पुढील जोडीपेक्षा स्पष्टपणे लांब असते. इतर लांडगा-कोळ्यांत ती आखूड असते.

(४) अंडी : मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकास चिकटवून बाळगते. पिले बाहेर पडल्यावर काही दिवस आईच्या पाठीवर राहतात.

दुसरी खूण कुल ठरविते, तर तिसरी व पहिली मिळून प्रजाति ठरवितात.

जातीची ओळख

रंगावरून जाति ठरवू नये. त्यासाठी पूर्ण वाढलेल्या नर-मादीचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. नमुना पाठवावयाचा झाल्यास एक-दोनच कोळी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून गाव, तारीख, पीक व जाळ्याची जागा यांची चिठ्ठी बाटलीत घालावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. या कुलातील भारतीय जातींचे वर्णन टिकादर व मल्होत्रा यांनी १९८० साली ‘फौना ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेत केले आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे

तुडतुडे, पतंग, माश्या, लहान नाकतोडे असे जे कीटक चादरीवर उतरतात ते या कोळ्याचे भक्ष्य बनतात. तो किडी व उपयुक्त कीटक असा भेद करीत नाही आणि एकट्याने कोणतीही कीड पूर्णपणे आटोक्यात आणीत नाही, हेही खरे. तरी त्याची मदत विनामूल्य असते. म्हणून जाळी दिसताच फवारणीचा पंप हाती घेऊ नये. प्रथम पान उलटून भिंगाने पाहावे. लाल कोळी व ठिपके आढळले तरच त्याच्या उपायाचा विचार करावा. पानाची खालची बाजू स्वच्छ असेल आणि जाळे जमिनीलगत असेल, तर ते तसेच राहू द्यावे.