कल्याणच्या ताटल्या आणि दूर पळणारे तारे

बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी. भिवंडीपुढे कल्याण. या कल्याणात 1965 साली 32 ताटल्या उभ्या राहिल्या. एकेक ताटली 6 फूट रुंद. जेवायच्या नव्हेत बरं का! आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी झेलायच्या. सूर्य आणि दूरची तारांगणे अशा लहरी सारख्या पाठवीत असतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत.

या ताटल्या ऑस्ट्रेलियाने भेट दिल्या होत्या. गोविंद स्वरूप हे शास्त्रज्ञ तिकडे त्यांवर काम करून आले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते 1963 साली रुजू झाले. त्यांनी व त्यांच्या तरुण सोबत्यांनी कल्याणला ताटल्या मांडल्या आणि सूर्य तपासला. पण स्वरूप यांची नजर फार पलीकडे होती.

सूर्य हा एक तारा. अब्जावधी ताऱ्यांचा मिळून एक थवा होतो. त्याला दीर्घिका म्हणतात. अशा दीर्घिका अगणित आहेत. काहींच्या पोटातून तर इतके तेज निघते, की ते फार लांबून एखाद्या ताऱ्यासारखे दिसते. त्याला क्वासार म्हणतात.

1929 साली अमेरिकेत हबल यांनी दाखवले, की दीर्घिका आपल्यापासून दूर चालल्या आहेत. आणि जी जास्त दूर, ती जास्त वेगाने. असे का? घरी करून पाहा. इलॅस्टिकची पट्टी घ्या. बोट-बोट अंतरावर शाईचे ठिपके द्या. एक टोक धरून पट्टी दुप्पट ताणा. पहिला ठिपका 1 बोटावरून 2 बोटांवर गेला. चौथा 4 वरून 8 वर. वेळ तेवढाच, पण लांबचा ठिपका जास्त पळाला. कोणत्याही ठिपक्यावरून पाहा, हेच दिसेल. तेव्हा आपणच मधोमध आहोत असे समजू नका.

इथे विद्वानांत वाद पडला. विश्व फुगते आहे, तर पूर्वी ते लहान व दाट असणार, असे एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे, छे! मोकळ्या जागेत नवे द्रव्य तयार होते. विश्व सदा सारखेच. या दुसऱ्या पक्षात इंग्लंडचे हॉईल होते, आणि त्यांचे शिष्य, आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर.

निकाल कसा लावायचा? समजा, दूरच्या गावाहून तुम्हांला पत्र आले. त्यातली खबर शिळी असते. दीर्घिकेचेही तसेच. तिच्या लहरी पोचायला कोट्यवधी वर्षे लागतात. जितकी दूर, तितकी जुनी खबर. विश्व सदा सारखे असेल, तर दूरच्या दीर्घिका जवळच्यांसारख्याच असायला हव्यात.

म्हणून 1970 साली उटीला डोंगरउतारावर 530 मीटर लांब, 30 मीटर रुंद रेडिओ दुर्बीण उभी राहिली. युक्ती पाहा. होडीतला कंदील खडकाआड गेला की एकदम दिसेनासा होतो. मोठी शेकोटी असेल तर हळूहळू झाकते. तशी दीर्घिका चंद्राआड जाताना लहरी कशा तुटतात हे नोंदले, की तिचा आकार कळतो.

अशा शेकडो नोंदी झाल्या. 1975 साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी हिशेब मांडला. लहरी पाठवणाऱ्या दूरच्या दीर्घिका जवळच्यांपेक्षा आकाराने लहान निघाल्या, आणि पूर्वी त्यांची दाटी जास्त होती. म्हणजे विश्व बदलत आले आहे. गंमत अशी, की त्या वेळी नारळीकरही त्याच टाटा संस्थेत होते! पुरावा घरातूनच विरुद्ध गेला. पण त्यांनी शंका घेणे सोडले नाही. 1993 साली सोबत्यांसह त्यांनी आपला विचार नव्या रूपात मांडला. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटला नाही.

पुढे दोघेही पुण्यात आले. दोघांच्या संस्था विद्यापीठाच्या एकाच आवारात. स्वरूप यांनी जुन्नर तालुक्यात खोडदला नवी दुर्बीण उभारली. तिच्याही ताटल्याच, 30. मात्र एकेक 45 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ 150 फूट. स्वरूप 2020 साली गेले, नारळीकर 2025 साली. खोडदच्या ताटल्या अजून आकाशाकडे तोंड करून आहेत.