दोन राउटर, एक पत्ता

ज्या वस्तूवाचून आपले अडते ती एकाऐवजी दोन ठेवल्या म्हणजे चिंता मिटली, असा आपल्या सर्वांचा समज असतो. देवघरात दिव्याला जादा वात, होडीत जादा वल्हे, वर्गात जादा खडू. हा समज खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे, हे मला 2023 च्या जून महिन्यात एका संगणकजालाने शिकविले. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. माझी धाव व्याकरण आणि इतिहास यांपलीकडची नाही. तरीही जे पाहिले व विचारून घेतले ते सांगावेसे वाटते, कारण शाळा, पेढी वा रुग्णालय यांचा आजचा कारभार याच जालावर चालतो.

माझ्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेत अकरावीच्या प्रवेश-अर्जांचे काम चालू होते आणि मदतीसाठी मी तेथे गेलो होतो. त्या संस्थेत बाहेरच्या जगाशी संबंध जोडणारे राउटर दोन होते. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम सांभाळावे, ही योजना. मे महिन्याच्या सुटीत तेथील मध्यवर्ती स्विच बदलून नवे बसविण्यात आले होते. स्विच म्हणजे इमारतीतील सर्व तारा जेथे एकत्र येतात ती पेटी; मध्यवर्ती पेट्याही दोन होत्या आणि त्या एकमेकींना एका तारेने जोडलेल्या होत्या. प्रत्येक राउटर एकेका पेटीला जोडलेला होता. खोल्यांतील लहान स्विचांपैकी काही या पेटीला जोडलेले, तर काही त्या.

अर्ज भरण्याची मुदत संपावयास दोन दिवस उरले असता विचित्र प्रकार सुरू झाला. एखादे पान उघडावे, दुसरे उघडू नये. तेच पान पुन्हा मागितले तर कधी यावे, कधी न यावे. कचेरीत अडले असता शेजारच्या खोलीत चालावे. घटकाभराने नेमके उलटे. बाहेर पालकांची रांग वाढत होती. कोणी मजुरीचा दिवस बुडवून आले होते, कोणी दोन बसगाड्या बदलून. एक मुलगा गुणपत्रिका छातीशी धरून सकाळपासून उभा होता.

बोलावलेला तंत्रज्ञ तरुण होता. त्याने प्रथम दोन्ही राउटर बंद करून चालू केले. हा उपाय आजकाल सर्वत्र रूढ आहे, पण तो उपाय नसून पुष्कळदा नुसता दिलासा असतो. दिवे हिरवे लागले आणि दुखणे तसेच राहिले. मग त्याने खरे काम केले: प्रत्येक राउटरला निरनिराळे विचारले, ‘प्रमुख कोण?’ दोघांनीही उत्तर दिले, ‘मी.’ निदान तेथेच झाले.

हे समजण्यासाठी आपल्याच शाळेकडे पाहा. रजेचा अर्ज लिहिताना आपण ‘माननीय मुख्याध्यापक यांस’ असे लिहितो. व्यक्तीचे नाव लिहीत नाही. मुख्याध्यापक रजेवर असले तर उपमुख्याध्यापक त्या खुर्चीवर बसतात आणि अर्जाचा मायना बदलावा लागत नाही. राउटरांचेही तसेच आहे. इमारतीतील प्रत्येक संगणकाला बाहेर जाण्याच्या दाराचा एकच पत्ता शिकविलेला असतो. तो पत्ता कोणा एका राउटरचा नसून खुर्चीचा असतो. जो प्रमुख, तो त्या पत्त्यावर उत्तर देतो. सिस्को कंपनीने यासाठी एचएसआरपी नावाची पद्धत काढली. पुढे 1998 मध्ये व्हीआरआरपी ही सर्वांसाठी खुली पद्धत प्रसिद्ध झाली. व्हीआरआरपीमध्ये प्रमुख राउटर नेहमीच्या मांडणीत दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देतो. राखीव राउटर ती ऐकत स्वस्थ बसतो. सुमारे 3.6 सेकंद हाक आली नाही, तर तो प्रमुख गेला असे मानून स्वतः खुर्चीवर बसतो.

आता विचार करा. हाक ऐकू आली नाही याचा अर्थ हाक मारणारा गेला, असाच होतो काय? मधले दार बंद असले तरीही हाक ऐकू येत नाही. येथे तेच घडले होते. एकाच तारेवरून कचेरी, प्रयोगशाळा, ग्रंथालय अशी अनेक जाले वेगवेगळ्या क्रमांकांनी जातात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. कोणत्या क्रमांकांना दोन पेट्यांमधल्या तारेवरून जाऊ द्यावयाचे याची यादी प्रत्येक स्विचमध्ये लिहावी लागते. जुन्या स्विचची यादी नव्यात उतरवून घेताना अर्जांच्या कामाचे संगणक ज्या जालावर होते, त्याचा क्रमांक राहून गेला होता. तार शाबूत, दिवे हिरवे, इतर जाले सुरळीत. केवळ या एका क्रमांकापुरती मधली वाट बंद! राखीव राउटरला हाक येईना. तो खुर्चीवर बसला. पहिला तर बसलेला होताच.

दोन मुख्याध्यापक झाले तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बाहेर जाणारी मागणी खरोखरच बिघडत नव्हती. ज्याच्या त्याच्या बाजूचा राउटर ती नेत होता. गोंधळ परतीच्या वाटेवर होता. बाहेरून येणारी उत्तरे दोन्ही राउटरांत वाटली जात. उत्तर योग्य बाजूच्या राउटरकडे आले तर पान उघडे. दुसऱ्याकडे आले तर तो त्या संगणकाचा शोध घेई, पण संगणक तुटलेल्या वाटेच्या पलीकडे. शोध लागत नसे आणि उत्तर टाकून दिले जाई. म्हणूनच ‘कधी चालते, कधी नाही’ ही तक्रार. पूर्ण बंद पडलेले यंत्र लवकर दुरुस्त होते. अर्धे चालणारे यंत्र माणसाला फार हिंडविते.

यादीत एक क्रमांक घातला. लगेच हाक पोचली, दुसरा राउटर आपणहून मागे सरला आणि रांग हलू लागली.

त्या संध्याकाळी तंत्रज्ञाने आणखी एक धोका समजाविला. त्याचे स्वरूप नेमके उलटे आहे. वर वाट कमी पडली होती. येथे ती जास्त होते. जादा तारा जोडल्या की जालात फेरे तयार होतात, आणि स्विचमधून जाणाऱ्या संदेशाच्या पाकिटावर ‘इतके टप्पे झाले की थांब’ अशी कोणतीही खूण नसते. सर्वांसाठी असलेला संदेश फेऱ्यात सापडला की घोंगावतच राहतो. म्हणून 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतील रॅडिया पर्लमन या विदुषीने स्पॅनिंग ट्री ही युक्ती शोधली. स्विच आपसांत एक मूळ स्विच निवडतात, त्यापासून वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे वाटा धरतात आणि जादा वाटा गरज पडेपर्यंत बंद ठेवतात. निवडणुकीत ज्याचा अग्रक्रमांक सर्वांत लहान तो मूळ ठरतो; क्रमांक सारखे असतील तर ज्याचा जन्मजात यंत्रपत्ता लहान तो. नव्या स्विचचा अग्रक्रमांक साधारणतः 32768 असतो. जुन्या मध्यवर्ती स्विचला कोणी समजूतदारपणे लहान क्रमांक दिलेला असेल आणि नव्याला द्यावयाचा राहिला, तर ग्रंथालयाच्या कोपऱ्यातली धूळ खाणारी एखादी पेटी सबंध इमारतीचे मूळ होऊन बसते!

हा नुसता विनोद नाही. स्पॅनिंग ट्रीच्या मूळ मांडणीतील कालमापे, कोणत्याही दोन टोकांमध्ये सातापर्यंत स्विच असतील असे धरून ठरविलेली होती. अमेरिकेत बॉस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाल वाढत वाढत ही मर्यादा ओलांडून गेले होते. 13 नोव्हेंबर 2002 रोजी त्यावर ताण आला आणि ते कोसळले. सुमारे चार दिवस रुग्णालयाला कागदावर कारभार करावा लागला. तपासण्यांचे अहवाल माणसांनी हातोहात नेले. तेथील संगणकविभागाचे प्रमुख डॉ. जॉन हॅलम्का यांनी ही चूक झाकून न ठेवता जाहीरपणे मांडली, म्हणून ती आज आपल्यालाही ठाऊक आहे. मला त्यांचा हा मोकळेपणा त्या यंत्रांहून अधिक मोलाचा वाटतो.

असो. आमच्या तंत्रज्ञाला मी विचारले, ‘हे सुटीतच का ध्यानात आले नाही?’ तो ओशाळून म्हणाला, ‘सर, स्विच बसवल्यावर एका संगणकावर एक पान उघडून पाहिले, ते उघडले.’ त्यावेळी काय करावयास हवे होते तेही त्यानेच सांगितले. बदलण्यापूर्वी कोणता राउटर प्रमुख, कोणता स्विच मूळ, कोणत्या तारेवर कोणते क्रमांक, हे सर्व लिहून घ्यावे. आधी राखीव बाजूचा स्विच बदलावा, दोन्ही राउटरांना पुन्हा विचारावे, मगच प्रमुखपद तिकडे सोपवून दुसऱ्या बाजूला हात लावावा. परत आलेल्या राउटरला लगेच खुर्ची देऊ नये, कारण बाहेरच्या वाटा शिकावयास त्याला वेळ लागतो. व्हीआरआरपीत अधिक अग्रक्रमाचा राउटर न सांगता खुर्ची परत घेतो, एचएसआरपीत तसे मुद्दाम सांगावे लागते. आणि शेवटी आपल्या हाताने तार उपटून पाहावी.

पुढच्या रविवारी, इमारत रिकामी असताना, त्याने तसे केले. मी कचेरीत संगणकासमोर बसलो होतो आणि एक लांबलचक पान उतरत होते. त्याने वरून ओरडून सांगितले, ‘काढली!’ पान जागच्या जागी थांबले. मी मनात एक, दोन, तीन, चार म्हटले. पाच म्हणण्यापूर्वी ते पुन्हा उतरू लागले.