ग्रीष्मातील धावणे व उष्माघात : चिकित्सक आणि औषधी विक्रेते यांचे कर्तव्य

प्रस्तावना

फाल्गुन सरत आला की आमच्या विदर्भातील तालुक्याच्या गावांमध्ये एक दृश्य नित्य दिसते. पहाटे व सायंकाळी डांबरी रस्त्याच्या कडेने तरुण मुलामुलींचे जथे धावत असतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यभरतीसाठी, तर कोणी शहरातील एखाद्या मॅरेथॉनसाठी. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर थोडे असले तरी एका नोकरीवर साऱ्या घराची आशा असते, म्हणून ही मुले आपल्या शक्तीच्या पलीकडे जाऊन धावतात. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडातील उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या धाव चाचणीत दहाहून अधिक उमेदवारांना प्राण गमवावे लागले. प्रत्येक मृत्यूचे कारण एकच होते असे म्हणता येणार नाही. परंतु उष्ण-दमट हवेत शक्तीबाहेर धावणे किती घातक ठरू शकते, याचा विचार करण्यास ही घटना पुरेशी आहे.

हे तरुण मैदानावर जाण्यापूर्वी आपल्याकडे ‘ताकदीचे औषध’ मागण्यास येतात आणि कोसळले तर प्रथम आपल्याच दाराशी आणले जातात. म्हणून या विषयाचा शास्त्रीय व व्यावहारिक ऊहापोह येथे करीत आहोत.

शास्त्रातील आधार

ग्रीष्म हा आदानकाळाचा शेवट होय. सूर्य स्नेहांश शोषून घेतो, शरीरबल अल्प असते आणि वाताचा संचय सुरू असतो. चरकसंहिता व अष्टांगहृदय या दोन्ही ग्रंथांनी ग्रीष्मचर्येत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. अष्टांगहृदयानुसार बलवान व स्निग्धभोजी मनुष्यानेही अर्धशक्ती व्यायाम शीतकाळी व वसंतात करावा, अन्य ऋतूंत त्याहूनही मंद करावा. पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख हा वसंत असला तरी आमच्याकडे चैत्रातच ग्रीष्माची लक्षणे प्रकट होतात. ऋतूचा निर्णय महिन्यावरून न करता लक्षणांवरून करावा, हे येथे विशेष ध्यानी घ्यावे.

विमानस्थानात स्वेदवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे सांगताना चरकाचार्यांनी व्यायाम आणि अतिसंताप यांचा उल्लेख केला आहे. भर उन्हात धावणाऱ्याच्या ठिकाणी हे दोन्ही हेतू एकाच वेळी घडतात. उदकवह स्रोतसाच्या दुष्टीत उष्णता व तृष्णेचा निग्रह ही कारणे आहेत. चाचणीच्या रांगेत तासन्‌तास न पिता उभे राहणाऱ्या उमेदवाराला तीही लागू पडतात. अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत तृष्णा, क्लम, ज्वर व छर्दी यांची गणना आहेच.

संप्राप्ती

धावताना स्नायूंत निर्माण होणाऱ्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता त्वचेकडे नेणे व घामाच्या बाष्पीभवनाने घालविणे, हे शरीराचे मुख्य साधन आहे. हवा दमट असल्यास घाम वाहतो, पण सुकत नाही; म्हणून कोकणपट्टीत पारा ३४-३५ अंशांवर असतानाही धोका असतो. विदर्भात घाम चटकन सुकतो, त्यामुळे किती द्रव गेला याची जाणीव धावणाऱ्याला होत नाही. घामाबरोबर जल व लवण दोन्ही जातात, रसधातूचा क्षय होतो, त्वचेकडील रक्तसंचार घटतो आणि आतील उष्णता साचत जाते. शरीराचे आभ्यंतर तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले व संज्ञा बिघडली, की तो व्यायामजन्य उष्माघात होय.

आमचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी वैशाखातील एका सायंकाळी एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच्या मित्रांनी आमच्या चिकित्सालयात उचलून आणले. सरावाच्या चौथ्या फेरीनंतर तो अडखळू लागला व मित्रांना ओळखेनासा झाला. अंग घामाने निथळत होते. उष्माघातात त्वचा कोरडी असते, हे वाक्य आमच्या मनात इतके पक्के बसले होते की आम्ही यास मूर्च्छा व पित्तप्रकोप समजलो. काखेत तापमापक लावला, तो १०१ अंश फॅरनहाइट दाखवीत होता. पंख्याखाली निजवून पानक पाजण्याचा प्रयत्न केला. ते त्याला गिळता येईना. या सर्वांत सुमारे वीस मिनिटे गेली. मग झटका आला आणि आमचे डोळे उघडले. अंगणातील पाण्याच्या हौदात त्याला उतरवून थंड केले व पुढे रुग्णालयात धाडले. त्याचे प्राण वाचले, परंतु वृक्कांवर आघात झाल्यामुळे काही आठवडे उपचार घ्यावे लागले. पोलीस होण्याचे त्याचे स्वप्न त्या वर्षी तरी तेथेच थांबले. ती वीस मिनिटे आमच्या अज्ञानाची होती. व्यवसायबंधूंपैकी कोणावर असा प्रसंग येऊ नये, म्हणून हे मोकळेपणाने लिहीत आहोत.

निदानातील भेद

व्यायामजन्य उष्माघातात घाम चालू असू शकतो. कोरडी त्वचा हे आवश्यक लक्षण नव्हे. काखेतील व तोंडातील तापमान अशा वेळी फसवे असते. गुदमार्गाने घेतलेले मापच विश्वसनीय होय. परंतु त्यासाठी थांबून राहू नये.

व्यवहारात तीन अवस्था ओळखाव्यात. पहिलीत पिंडिकोद्वेष्टन, म्हणजे पोटऱ्यांत गोळे येणे. दुसरीत तृष्णा, भ्रम, क्लम, हृल्लास व शिरःशूल. पण रुग्ण शुद्धीवर असून प्रश्नांना नीट उत्तरे देतो. तिसरीत मन व बुद्धी यांचा विभ्रम : असंबद्ध बोलणे, चिडणे, तोल जाणे, आक्षेप अथवा मूर्च्छा. धावणारा उन्हात कोसळला आणि त्याचे वागणे बदलले, की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उष्माघातच समजावा.

चिकित्सा

सुश्रुताचार्यांनी अग्निकर्माच्या अध्यायात उष्ण वायू व आतप यांनी दग्ध झालेल्यास शीत उपचारच सांगितला आहे. आजचे आत्ययिक वैद्यकही तेच सांगते : प्रथम थंड करा, मग हलवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून रुग्णाला मानेपर्यंत गार पाण्यात ठेवावे. डोके सतत धरून ठेवावे. हौद नसल्यास ताडपत्रीचे चारही कोपरे उचलून धरावेत व मधोमध रुग्णाला ठेवून पाणी व बर्फ ओतावा. तेही शक्य नसेल तर सर्वांगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ अंशांच्या खाली आणणे हे ध्येय असावे. पॅरासिटामॉलसारखी ज्वरघ्न औषधे येथे उपयोगी नाहीत. संज्ञा नसलेल्या रुग्णाला मुखाने काहीही देऊ नये. मौक्तिक अथवा प्रवाळाचे कल्प चाटविण्यात वेळ दवडू नये. शामक चिकित्सेचे स्थान रुग्णालयातून परतल्यानंतरचे आहे.

प्रतिबंध

१. सात्म्यीकरण : उष्ण हवेची सवय होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात. आरंभी २०-३० मिनिटे मंद गतीने धावावे व क्रमाने वाढवावे. काही आठवडे खंड पडल्यास पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी.

२. अर्धशक्ती : तोंडाने श्वास घ्यावा लागणे, कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येणे आणि मुखशोष ही बलार्धाची लक्षणे होत. नित्य सराव येथवरच ठेवावा. पूर्ण वेगाची परीक्षा आठवड्यातून एखादे वेळी, तीही पहाटेच्या गारव्यात करावी.

३. वर्ज्य व्यक्ती : ज्वर, अतिसार, उलटी, रात्रिजागरण अथवा मद्यपान झालेल्याने त्या दिवशी धावू नये. वजन घटविण्यासाठी प्लास्टिक वा जाड जाकीट घालून धावण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे.

४. जल व लवण : ग्रीष्मात लवणरस अल्प सांगितला आहे, परंतु ते विधान सामान्य मनुष्यासाठी आहे. तासभर घाम गाळणाऱ्यास लवणाची भरपाई आवश्यक आहे. मीठ-गूळ घातलेले कैरीचे पन्हे, कोकम सरबत, मीठ घातलेले पातळ ताक यांपैकी प्रकृतीनुसार योजावे. अथवा एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालावे. धावण्यापूर्वी व नंतर वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. धावल्यानंतर वजन वाढलेले असेल तर पाणी अधिक झाले. नुसते पाणी बेसुमार पिण्याने रक्तातील सोडियम घटून भ्रम व आक्षेप येऊ शकतात, हेही विसरू नये.

औषधी विक्रेत्यांना निवेदन

धत्तूरयुक्त कल्प, उदा. कनकासव, घाम कमी करू शकतात. एफेड्रा (सोम) असलेले कल्प व अतिरिक्त कॅफीनची चूर्णे शरीरातील उष्णता वाढवितात. सर्दीच्या काही गोळ्या व मूत्रल औषधेही या काळात धोक्याची. चाचणीच्या आदल्या दिवशी ‘अंग हलके व्हावे’ म्हणून रेचक मागणारा ग्राहक आपणा सर्वांस परिचित आहे. त्यास नम्रपणे परत पाठवावे. घटक न छापलेली ‘स्टॅमिना’ची पुडी दुकानात ठेवूच नये. त्याऐवजी जलसंजीवनीची पाकिटे दर्शनी भागात ठेवावीत व ती पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळण्यास सांगावे.

उपसंहार

आपल्या गावातील सराव मैदानाशी आपण परिचय ठेवावा. पाण्याने भरलेला एक हौद, एक ताडपत्री आणि दोन जाणती मुले एवढी सिद्धता फाल्गुनाअखेर तेथे करून घ्यावी. आमच्या गावी आता ती आहे. तो मुलगाच आज नव्या मुलांना सांगतो, “जोडीदार वेड्यासारखा बोलू लागला तर आधी पाण्यात घाला, मग डॉक्टरांना फोन करा.” आमच्या साऱ्या लेखाचे सार त्या एका वाक्यात आले आहे.