गीत आणि गीतकार



गायकवृंदाच्या सरावात एका तरुणाने मला विचारले, "फादर, संगीतकाराचं वागणं वाईट निघालं, तर त्याचं गीत आपण मिस्सेत गायचं का?"

प्रश्न हवेतला नव्हता. २०२० साली अमेरिकेतील कॅथोलिक भक्तिगीतांचे रचनाकार डेव्हिड हास यांच्यावर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांच्या प्रकाशकांनी संबंध थांबवले. काही धर्मप्रांतांनी त्यांची गीते उपासनेत गाऊ नयेत, असे कळवले.

मी सेमिनरीत शिकलेले उत्तर चटकन देऊन टाकले : "गाणं वेगळं, माणूस वेगळा." तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "पण फादर, जिला त्रास झाला, तिनं ते गाणं कुठल्या बाकावर बसून ऐकायचं?" मी गप्प झालो. म्हणून आज थोडा विचार करू या.

१. कलेचा निकष

संत थॉमस अक्वायनस कला आणि विवेक यांत फरक करतात. कला म्हणजे वस्तू नीट घडवण्याचे ज्ञान, विवेक म्हणजे नीट वागण्याचे. चर्चचा बाक मजबूत आहे की नाही, हे त्याचे सांधे पाहून ठरते, सुताराच्या घरात डोकावून नव्हे.

इटलीतील सरदार कार्लो जेझुआल्डोचे उदाहरण घ्या. १५९० साली नेपल्समध्ये त्याने आपली पत्नी मारिया व तिचा प्रियकर यांची हत्या घडवली. उच्चकुलीन असल्याने त्याला शिक्षा झाली नाही. त्याच माणसाने १६११ साली पवित्र आठवड्याच्या उपासनेसाठी रचलेले संगीत प्रसिद्ध केले. ते आजही गायले जाते आणि ऐकणाऱ्याचे मन हेलावते. हा जेझुआल्डो संत चार्ल्स बोरोमिओ यांचा सख्खा भाचा! त्याने करवून घेतलेल्या एका चित्रात तो क्षमा मागत गुडघे टेकून आहे आणि शेजारी त्याचे संत मामा उभे आहेत. त्याचा पश्चात्ताप किती खरा होता, हे देवच जाणे. संगीत मात्र उत्तम आहे, हे नाकारता येत नाही.

२. प्रीतीचा निकष

पण 'गीत चांगले आहे का?' आणि 'ते आज, इथे गावे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. करिंथ येथील ख्रिस्ती लोकांपुढे मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न होता. संत पौल म्हणतात, मांसात दोष नाही. पण माझ्या खाण्याने माझा भाऊ ठेचकाळणार असेल, तर मी ते खाणार नाही (१ करिंथ ८).

जेझुआल्डो १६१३ साली वारला. त्याचे संगीत गायल्याने त्याच्या हाती नवी सत्ता येत नाही. जिवंत माणसाचे तसे नसते. गीताबरोबर त्याला मान मिळतो, पैसा मिळतो आणि दुखावलेली व्यक्ती कदाचित आपल्यातच बसलेली असते. घरी काय ऐकावे, हे ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीने ठरवावे. मिस्सा मात्र सर्वांची आहे.

इथे एक सावधगिरी हवी. कुणा गायकाचे लग्न मोडले, कुणाला दारूचे व्यसन जडले, म्हणून त्याची गीते बंद करणे हा न्याय नव्हे. दुर्बलता वेगळी आणि दुसऱ्यावर केलेला अत्याचार वेगळा. ऐकीव गोष्टींवर तर निवाडा करूच नये.

३. दावीद राजाचे स्तोत्र

प्रायश्चित्तकाळात आपण ५१वे स्तोत्र म्हणतो. परंपरेने ते दावीदाचे मानले जाते. त्याने बथशेबाचा अपहार केला आणि तिचा पती उरिया याला युद्धात मारवले. तरीही ख्रिस्तसभेने ते स्तोत्र टाकून दिले नाही. पण बायबलने त्याचे पापही झाकले नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील वंशावळीत बथशेबाचा उल्लेख 'उरियाची पत्नी' असाच आहे. दावीदाचे गीत राहिले, तसे उरियाचे नावही राहिले.

मावशींना माझे उशिराचे उत्तर असे : तिला बाक सोडावा लागू नये; गीत आपण सोडू शकतो. गीतांची आपल्याला वाण नाही.

चिंतनासाठी :
• एखाद्याच्या गुणांमुळे मी त्याने केलेल्या अन्यायाकडे डोळेझाक करतो का?
• एखाद्याच्या पापामुळे त्याच्यातील देवाचे दान मी नाकारतो का?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

– तुमचे प्रमुख धर्मगुरू